ओवीतला मुऱ्हाळी

मेल्या म्हशीला मणभर दूध, असं आपल्याकडं म्हणतात. झुंबरबाईच्या बाबतीत ही म्हण निम्मीच लागू पडते. दूध तिनं जिवंतपणीही मणभरच दिलं होतं, चाखायला मात्र पळसखेड्याच्या पंचक्रोशीबाहेरचं कुणी आलं नाही. आणि ज्यानं सगळ्यात आधी यायचं, तो तिचा सख्खा भाऊ धर्मराज, तोही आला नाही. ही गोष्ट झुंबरबाईच्या गाण्याची आहे, पण ती धर्मराजापासूनच सांगावी लागते, कारण त्या गाण्याच्या प्रत्येक दुसऱ्या ओळीत तोच आहे.

शहागडच्या अलीकडं गोदावरीच्या काठानं एक वाडी आहे, तिथलं हे घर. आईबाप लवकर गेले. धर्मराज तेव्हा सतरा वर्षांचा आणि झुंबर दहाची. त्यानंच तिला वाढवलं, म्हणजे वेण्या शेजारणीनं घातल्या आणि बाकी सगळं त्यानं केलं. ती त्याला दादा म्हणायची. थोरल्या भावाचं नाव तोंडानं घ्यायची तिची बिशाद नव्हती. एकदा खेळाच्या भरात ‘धर्मा’ म्हणाली तर पाठीत धपाटा बसला होता. ती गाते, हे त्याला ठाऊकसुद्धा नव्हतं. भाकरी थापताना काहीतरी गुणगुणायची, दुसऱ्या ओळीच्या आधी घशात बारीकसं खाकरायची, एवढं कानावर पडलेलं. बहिणीच्या गुणगुणण्याकडं कोणत्या भावाचं लक्ष असतं?

एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्यानं तिचं लग्न लावून दिलं. स्थळ निघालं जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, भोकरदनच्या पुढं पळसखेड्याला. जावयाचं नाव कारभारी, अबोल माणूस; घरी कपाशीची शेती आणि सासू सगुणाबाई.

आता मुऱ्हाळ्याचं सांगितलं पाहिजे. सासरी गेलेल्या लेकीला सणासुदीला न्यायला माहेराहून जो येतो, तो मुऱ्हाळी. बहुतेक भाऊच. त्यानं दारात यायचं, चहापाणी घ्यायचं, सासूकडं शब्द टाकायचा आणि बहिणीला घेऊन निघायचं. मुऱ्हाळी आला तर लेक ताठ मानेनं वेशीतून बाहेर पडते. मुऱ्हाळ्याशिवाय एकटी निघाली तर गाव म्हणतं, भांडून चालली, आता काही परत येत नाही. आजच्या पोरींना हे सांगितलं तर हसतील. तेव्हा हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

पहिल्या दोन नागपंचम्यांना धर्मराज मुऱ्हाळी होऊन गेला आणि बहिणीला घेऊन आला. तिसऱ्या वर्षी, त्र्याऐंशीत, घोडं अडलं. तो तीन गाड्या बदलून पळसखेड्याला पोचला. झुंबरनं गठुडं बांधून दाराशी ठेवलेलं. सगुणाबाई म्हणाली, “पाव्हणं, औंदा पाच एकर कपाशी गवतानं गिळली. खुरपण झालं की आठ दिसांनी धाडते.”

सगुणाबाई काही वाईट बाई नव्हती. तिला गवत दिसत होतं आणि गवत खरंच होतं. पण धर्मराजाला दिसला तो अपमान. दिवसभर तो ओट्यावर बसून राहिला, दिवस कलायला लागला तसा उठला आणि चपला घालू लागला. झुंबर बाहेर आली. “दादा, एक दिस थांब,” ती हळूच म्हणाली. “मी वळवते आत्याबाईला. उद्याच्याला निघू.”

“मी काय गडी हाय का ह्यांचा, थांबायला?” असं म्हणून तो निघाला. वेशीजवळच्या लिंबापर्यंत गेल्यावर त्यानं मागं पाहिलं. झुंबर दारात उभी होती आणि गठुडं तिच्या हातात होतं.

रिकाम्या हातानं तो वाडीत आला. ज्यानं त्यानं विचारलं, “बहीण कुठं हाय?” मान खाली घालून घरात शिरला आणि बायकोला, मालनबाईला म्हणाला, “धर्मराज त्या दारात पुन्हा पाय ठेवायचा न्हाई. आता पळसखेड्याच्या फाट्यावर यष्टी थांबती. तिला यायचं तं तिनं बसमधी बसावं अन् यावं.”

अंबड–भोकरदन गाडीवर तातेराव म्हणून कंडक्टर होता, वाडीतलाच. दुसऱ्या वर्षी पंचमी जवळ आली तसा धर्मराजानं त्याच्या हाती निरोप धाडला. आठ दिवसांनी उत्तर आलं. “ती म्हणली,” तातेरावनं सांगितलं, “दादाला म्हणावं, मुऱ्हाळ्याबिगर लेक निघत न्हाई. लोक नाव ठेवतील. दारात येऊ नको, फाट्यावर ये. मी फाट्यापर्यंत येते.”

एवढी सोपी गोष्ट. फाटा म्हणजे काही दार नव्हे. शपथही मोडत नव्हती. पण धर्मराजाला त्यात बहिणीचा तोरा दिसला. सासरचं पाणी लागलं म्हणाला. मालनबाईनं परोपरीनं सांगून पाहिलं, “अहो, जा ना. एका दिसाचा तं प्रश्न हाय.” सुंभ जळतो पण पीळ जळत नाही. आणि धर्मराजाचा तर सुंभही जळाला नव्हता, चांगला करकरीत होता.

पुढच्या पंचमीला निरोप गेला नाही. त्याच्या पुढच्या पंचमीला निरोप आलाही नाही. दर वर्षी त्याला वाटायचं, औंदा जाऊ. आणि दर वर्षी वाटायचं, आता इतकी वर्षं गेलो नाही, आता कोणत्या तोंडानं जाऊ. अबोला धरणं सोपं असतं. सोडायला निमित्त लागतं आणि निमित्त कुणी आणून देत नाही.

तिकडं झुंबर काय करत होती, हे त्याला फार नंतर कळलं. ती कापूस वेचत होती आणि गात होती. वेचणीला बायकांची पात धरली की झुंबर मधल्या सरीत. तिनं ओवी सुरू केली की सगळ्या बायकांचे हात एका ठेक्यात चालायचे, आणि दुपारपर्यंत जे वावर होत नसे ते जेवायच्या आधी होऊन जायचं. म्हणून आसपासच्या गावांतले शेतकरी सगुणाबाईकडं यायचे आणि म्हणायचे, “तुमच्या सुनंला तेवढं धाडा.” तिच्या गाण्याची किंमत कळलेली ही पहिली माणसं, त्यांना गाणं नको होतं, कापूस हवा होता. हळदीला, डोहाळजेवणाला, बारशाला तिच्यावाचून अडायचं. आवाज रुंद होता, वर गेला की किंचित चिरायचा. आणि कुठलीही ओवी असो, शेवट ठरलेला. बायका ओवीत भावाचं नाव गुंफतात. प्रत्यक्षात ज्याला नावानं हाक मारता येत नाही, त्याला ओवीत मारता येते, तिथं कुणी धपाटा घालत नाही.

सासूबाईला सांगते । द्या हो मला जायाला
धर्मराज माझा बंधू । आला मुऱ्हाळी न्यायाला

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात पळसखेड्यात एक लग्न होतं. मंडप आणि लाउडस्पीकर भोकरदनच्या बद्रीनाथचा. बद्रीनाथची एक अडचण होती. हळदीला सिनेमाची गाणी लावली की म्हातारी माणसं बोंब मारायची, आणि गाणाऱ्या बाया सगळ्याच गावांत कुठल्या मिळायला? म्हणून त्यानं टेपरेकॉर्डर आणला, माइकला रुमाल गुंडाळला आणि हळद दळणाऱ्या बायकांपुढं ठेवून दिला. दीड तास झुंबर जातं ओढत गात होती. समोर नंदाबाई नावाची शेजारीण बसली होती. त्या टेपमधलं गाणं बद्रीनाथ मग गावोगावच्या हळदीत लावू लागला. झुंबरनं ते कधी ऐकलं का? ऐकलं असेल तर दुसऱ्याच्या मांडवात, लांबून.

नव्वद सालच्या वेचणीत ती पडली. कावीळ होती, आधी गावठी औषध केलं, मग भोकरदन, मग जालना, आणि तोवर उशीर झाला. तातेरावनं सांगावा आणला तेव्हा धर्मराज उसाला पाणी देत होता. सवाष्ण गेली की माहेरचं लुगडं लागतं, म्हणून त्यानं शहागडात हिरवं लुगडं घेतलं आणि निघाला. जालन्याला गाडी चुकली. दुसरी दीड तासानं मिळाली. पळसखेड्याच्या लोकांनी दुपारपर्यंत वाट पाहिली आणि मग उचललं.

तो वेशीतून आत आला तेव्हा स्मशानातून माणसं परतत होती. सात वर्षांनी तो त्या दारापुढं उभा राहिला, काखेत लुगडं घेऊन. ओट्याच्या कडेला एक म्हातारी बसली होती, तिला नीट दिसत नव्हतं. कुणाचा कोण म्हणून चौकशी झाली, कुणीतरी सांगितलं, झुंबरचा भाऊ. म्हातारी सवयीनं बोलून गेली, “मुऱ्हाळी आला म्हणायचा.” तिच्या मनात काही नव्हतं. सगुणाबाईनं त्याच्या काखेतलं लुगडं काढून घेतलं, आत नेलं आणि रडायला लागली.

त्या दिवसापासून धर्मराजाला एकच गोष्ट हवी होती. झुंबर आपल्यावर रागावून गेली का, हे त्याला कळायला हवं होतं. रागावून गेली असेल तर बरंच होतं. रागाला तो पात्र होता, तो राग त्यानं जन्मभर डोक्यावर घेतला असता. पण विचारायचं कुणाला? कारभारीला तोंड दाखवायची हिंमत नव्हती. बहिणीला विचारायचं तर वरातीमागून घोडं.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीत तो शहागडहून घनसावंगीला काळ्यापिवळ्या जीपमध्ये बसून चालला होता. ड्रायव्हरनं कॅसेट घातली. जातं, ओवी, बाईचा आवाज. धर्मराजाचं लक्षही नव्हतं. मग त्याला त्याचंच नाव ऐकू आलं. नावानं काही उमगलं नाही. त्या आवाजात त्यानं आपलं नाव कधी ऐकलंच नव्हतं, ओळखणार कसं? पण पुढच्या ओवीच्या दुसऱ्या ओळीआधी ती बाई घशात बारीकसं खाकरली.

“थांबव,” तो म्हणाला.

“काका, इथं कुठं? आजून लई लांब हाय.”

“थांबव म्हणलं ना.”

जीप त्याला सोडून पुढं गेली. तो कडेच्या दगडावर बसला आणि मग चालत घरी आला, नऊ मैल. मालनबाईनं विचारलं तर म्हणाला, “झुंबर गाऊन राह्यली जीपमधी.” तिला वाटलं ऊन लागलं, म्हणून तिनं त्याला कांदा फोडून दिला. दिवाळीत ऊन कसलं!

झालं होतं ते असं. बद्रीनाथच्या टेपवरून कुणी नक्कल केली, तिच्यावरून आणखी कुणी. ट्रकवाल्यांनी ती पार लांबवर नेली. शेवटी एका कंपनीच्या हाती लागली. त्यांनी मागं ढोलकी घातली, बँजो घातला, बायकांची बडबड कापली आणि झोकात कॅसेट काढली. वरच्या चित्रात फेटा बांधलेला मिशाळ भाऊ पांढऱ्या घोड्यावरून बहिणीच्या दारी येत होता. धर्मराज उभ्या आयुष्यात घोड्यावर बसला नव्हता. खाली ठळक अक्षरांत ‘धर्मराज बंधू माझा’, आणि गायिकेच्या जागी ‘पारंपरिक’.

कॅसेट घेऊन तो जालन्याच्या दुकानदाराकडं गेला. “इथं माझ्या बहिणीचं नाव टाका. झुंबरबाई.”

“काका, हे पारंपरिक आहे.”

“म्हंजे काय?”

“म्हणजे कुणाचंच नसतं. पहिल्यापासून चालत आलेलं.”

“कुणाचंच न्हाई कसं? बिलकुल तिचंच हाय. अन् माझं नाव तेवढं काढून टाका.”

दुकानदारानं त्याच्याकडं नीट निरखून पाहिलं, मग खुर्चीवरून उठला. “तुम्ही ते धर्मराज?” त्यानं पोराला चहा सांगितला, गल्ल्यावरचा नारळ काढून त्याच्या हातात दिला आणि पायाला हात लावला. “असा भाऊ सगळ्या बायांना भेटला पाहिजे.” कंपनीचा पत्ता मात्र त्याच्याकडं नव्हता.

तिथून पुढं तर विचारूच नका. कॅसेट घरोघर झाली. नांदेड म्हणू नका, नगर म्हणू नका, मुंबईच्या टीव्हीवर कुठल्याशा पोरीनं तेच गाणं म्हणून बक्षीस मिळवलं. लग्नात वाजायचं, बारशात वाजायचं, शहागडच्या टपरीवर तर सकाळपासून. आणि वाडीतला धर्मराज तो हाच, ही बातमी कर्णोपकर्णी झाली. बसमध्ये अनोळखी बाया उठून त्याला जागा द्यायच्या. माहेराला आलेल्या लेकी भावाला टोमणा मारायच्या, “धर्मराज बघ, न्हाई तं तू.” राखीला कुठल्या कुठल्या पोरी येऊन राखी बांधून जायच्या. मनगट भरून जायचं. संध्याकाळी तो सगळ्या राख्या सोडून देव्हाऱ्याखाली ठेवायचा, मालनबाईकडं न बघता.

अठ्ठ्याण्णवच्या भाऊबीजेला घनसावंगीच्या एका मंडळानं त्याला ‘आदर्श बंधू’ म्हणून शाल द्यायचं ठरवलं. तो जाणार नव्हता. मग गेला, कारण त्याला वाटलं, चार लोकांत एकदा खरं बोलून टाकावं. शाल अंगावर पडल्यावर तो माइकपुढं उभा राहिला आणि म्हणाला, “मी तिला आणायला गेल्तोच न्हाई. सात वर्सं. ती फाट्यापर्यंत यायला तयार व्हती. मी गेलो न्हाई.”

धर्मराजाला वाटलं, आता कुणीतरी थुंकेल. अध्यक्षांनी माइक हातात घेतला. “पाहा मंडळी. बहिणीसाठी एवढं केलं, तरी हा माणूस म्हणतो, मी काहीच केलं नाही. ह्याला म्हणतात मन.” टाळ्या थांबेचनात. पुढच्या रांगेतल्या बाया पदर डोळ्याला लावत होत्या. लाउडस्पीकरवर कुणीतरी कॅसेट सुरू केली.

घरी आल्यावर मालनबाई एवढंच म्हणाली, “आता खरं बोलून काय उपेग? जिला सांगायचं ती ऐकायला न्हाई.” आपलेच दात, आपलेच ओठ.

दोन हजार एकच्या सुरुवातीला जालन्याहून गिरिधरराव नावाचे गृहस्थ वाडीत आले. बँकेतून निवृत्त झालेले, लोकगीतं जमवायचा नाद. त्यांनी झुंबरबाईचा फोटो मागितला. फोटो नव्हता, लग्नातही काढलेला नव्हता. बोलता बोलता ते म्हणाले, “मूळ टेप भोकरदनच्या मंडपवाल्या बद्रीनाथकडं अजून आहे बरं का. तिच्यात बायकांचं बोलणंही आहे. मध्ये तुमचाही विषय निघतो, पण आवाज नीट लागला नाही मला.”

धर्मराज त्या दिवशी जेवला नाही. तुमचाही विषय निघतो! म्हणजे झुंबर बोलली होती. ओवीत नव्हे, तोंडानं. चौदा वर्षांपूर्वीचा तो राग भोकरदनला एका डब्यात ठेवलेला होता. सकाळी त्यानं धुतलेलं धोतर नेसलं आणि पहिली गाडी धरली.

बद्रीनाथ आता म्हातारा झाला होता. मंडपाचा धंदा मुलगा बघायचा. धर्मराजानं नाव सांगितलं तसा तो लगबगीनं उठला, खुर्ची पुसून दिली, कपाटातून बिस्किटाचा डबा काढला. डब्यातली कॅसेट रुमालात गुंडाळलेली होती. “हाच तो रुमाल,” बद्रीनाथ म्हणाला. “माइकला बांधलेला.”

टेप सुरू झाली. बँजो नाही, ढोलकी नाही. जात्याची घरघर, बांगड्या, कुणाचं तरी लेकरू रडतंय, कोंबडी हाकलली जातेय. आणि झुंबर. धर्मराज गुडघ्यावर हात ठेवून ऐकत राहिला. चारपाच ओव्या झाल्या. मग दुसऱ्या एका बाईचा आवाज आला, हसता हसता.

“झुंबरे, तुझा भाऊ तं चार वर्सं झाले फिरकला न्हाई. दर पंचमीला गठुडं बांधती अन् सोडती. मंग सारखं धर्मराज, धर्मराज काय करून राह्यली?”

“ही नंदाबाई,” बद्रीनाथनं सांगितलं. धर्मराजानं हात वर करून त्याला गप्प केलं.

जातं थांबलं होतं. टेपमध्ये नुसती खरखर होती. आता बोलेल, धर्मराजाला वाटलं. आता शिवी देईल. दे बाई, चांगली दे. त्यानं डोळे मिटून घेतले.

“ओवीत तं येतो ना,” झुंबर म्हणाली. साधं, रोजच्या आवाजात; पीठ संपलं म्हणून सांगावं तसं. “तेवढंच. वढ जातं.”

घरघर पुन्हा सुरू झाली.

येशीच्या लिंबाखाली । कुणाची ग ही चाहूल
धर्मराज बंधवाचं । वळखिते मी पाऊल

इतक्या वर्षांत धर्मराजानं सगळ्याची तयारी केली होती, ह्याची केली नव्हती. रागावली असती तर पाया पडता आलं असतं, निदान मनातल्या मनात. तिनं तर त्याला कधी रस्त्यातच अडवलं नव्हतं. दर ओवीला वेशीतून आत घेतलं होतं, ओट्यावर बसवलं होतं, पाणी दिलं होतं. टेपमध्ये तो आताही लिंबाखालून चालत येत होता, आणि ती सासूला सांगायला आत चालली होती.

टेप पुढं जात राहिली. बद्रीनाथला काय करावं कळेना. पाहुण्याचे गाल ओले झालेले पाहून तो हळूच पुढं झाला आणि बटणावर बोट ठेवलं.

“बंद करू का?”

“नको,” धर्मराज म्हणाला. “आत्ताच आलो मी. बसू द्या जरा.”